स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञ संघटना, पुणे

स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या शाखेतल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी एकत्र येऊन चालवलेली व्यावसायिक संस्था. पुण्यात हे काम ‘पुणे ऑब्स्टेट्रिक अँड गायनेकॉलॉजिकल सोसायटी’ करते. डॉक्टरांच्या बोलण्यात ती नुसती ‘सोसायटी’ असते. पुण्यात या शब्दाने आधी पाण्याचा टँकर आणि पार्किंगची भांडणे आठवतात, त्यामुळे बाहेरच्याचा घोटाळा होतो. अशा शहरोशहरीच्या संस्थांचा देशपातळीवरचा महासंघ म्हणजे ‘फॉग्सी’. 1950 साली मद्रासच्या अधिवेशनात तो स्थापन करण्याचा ठराव ज्या संस्थांनी केला, त्यांत मुंबई, नागपूर, कोल्हापूर यांच्याबरोबर पुण्याचीही संस्था होती. आज महासंघात अडीचशेहून अधिक संस्था आहेत.

पुण्याच्या संदर्भात थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. 1865 साली पुण्यात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यातच गेल्या. एकही रुग्ण तपासण्याची संधी त्यांना इथे मिळाली नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणाला हात घातला. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात 1944 मध्ये डॉ. बानू कोयाजी आल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचे छोटे प्रसूतिगृह होते. पुढे त्यांनी वढू बुद्रुक परिसरात गावातल्याच स्त्रियांना हाताशी धरून आरोग्यसेवा उभारली. 1993 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला. ही सगळी कामे व्यक्तींनी आणि रुग्णालयांनी केली. व्यावसायिक संघटनेचे काम याहून वेगळे, बरेचसे पडद्याआडचे असते. ती स्वतः रुग्ण तपासत नाही. जे तपासतात, त्यांचा हात सारखा राहावा एवढे ती बघते.

शिक्षण. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार डॉक्टरला दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. हे पॉइंट बहुतांशी ‘सीएमई’ म्हणजे निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांतून मिळतात आणि असे कार्यक्रम भरवणे हा संघटनेचा नित्याचा उद्योग आहे. केवळ सही करून जेवणापुरते थांबणारेही असतात, हे कोणताही डॉक्टर खासगीत कबूल करील. औषध कंपन्यांचे स्टॉल दाराशीच असतात, तेही लपलेले नाही.

तरीही प्रत्यक्ष हाताने करून पाहण्याचे वर्ग पाहिले की या शिक्षणाची किंमत कळते. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाचे (डॉक्टरांच्या भाषेत ‘पीपीएच’चे) ड्रिल घ्या. टेबलावर कमरेपुरती रबरी बाहुली, खाली लाल पाणी साठलेली प्लास्टिकची पिशवी. नेहमीच्या बाळंतपणात 500 मिलिलिटरच्या वर रक्त गेले की धोका सुरू होतो. पण हे रक्त चादरीत, कापसात, फरशीवर जिरते आणि डोळ्यांचा अंदाज जवळजवळ नेहमी कमीच निघतो. म्हणून आधी मोजायला शिकवतात. मग क्रम: मदतीला हाक, गर्भाशय चोळणे, गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन, तीन तासांच्या आत रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड एक ग्रॅम. तरीही थांबले नाही, तर रबरी कॅथेटरच्या टोकाला कंडोम दोऱ्याने घट्ट बांधायचा, तो गर्भाशयात सरकवायचा आणि सलाईनने फुगवायचा. आतून दाब बसतो आणि रक्त धरते. बांगलादेशातून आलेली ही युक्ती आहे. तिचे साहित्य कोणत्याही दवाखान्यात सापडते, पण रात्री दोन वाजता दोऱ्याची गाठ बसायला ती आधी दहादा बांधलेली असावी लागते. पुण्यात दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम पेठांपासून उपनगरांपर्यंत पसरलेली आहेत. तिथे रक्तपेढी नसते. रक्ताची पिशवी आणायला नवऱ्याला किंवा दिराला गाडीवर पिटाळतात. तो परत येईपर्यंतचा वेळ निभावून नेणे हेच या ड्रिलचे उद्दिष्ट असते.

राज्याचा माता मृत्यूदर 2018–20 च्या पाहणीत दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होता, देशाचा 97. याचे श्रेय एकट्या संघटनेला देणे चुकीचे ठरेल; आशा कार्यकर्त्या, 108 ची रुग्णवाहिका, रुग्णालयातल्या बाळंतपणांचे वाढलेले प्रमाण असे अनेक वाटेकरी आहेत. ‘मान्यता’ या उपक्रमात मात्र फॉग्सीचा वाटा थेट आहे. खासगी प्रसूतिगृहांना 16 वैद्यकीय निकषांवर तपासून प्रमाणपत्र दिले जाते. त्यात भाग घेणे ऐच्छिक आहे, आणि तीच त्याची मर्यादा आहे: ज्यांना सर्वांत जास्त गरज, तेच दवाखाने अर्ज करत नाहीत.

प्रतिबंध. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची पहिली भारतीय लस, सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’, पुण्यातच तयार झाली. तिला 2022 मध्ये मंजुरी मिळाली आणि जानेवारी 2023 मध्ये ती बाजारात आली. 9 ते 14 वर्षांच्या मुलींना दोन डोस, त्यापुढे 26 पर्यंत तीन. संघटनेचे सदस्य शाळांत, पालकसभांत यावर बोलतात. तिथला खरा अडसर म्हणजे ‘आत्ताच कशाला, लग्न होऊ दे’ हे आईचे वाक्य. हा कर्करोग घडवणाऱ्या ‘एचपीव्ही’ विषाणूचा संसर्ग होण्याआधी लस द्यायची असते, हे त्या वाक्याला उत्तर. मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी तपासणी हाच मार्ग आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाखाहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने (2009) दाखवले, की एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनेही या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात.

‘पिशवी काढणे’ हा असाच दुसरा विषय. अंगावरून जाते, कंबर दुखते, म्हणून चाळिशीच्या आत गर्भाशय काढून टाकण्याची सवय ग्रामीण महाराष्ट्रात रुजली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी 2019 मध्ये सरकारी समितीने केली, तेव्हा 82,309 पैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. याच टोळ्या हंगामात पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांवरही येतात. औषधे, हार्मोनयुक्त तांबी असे पर्याय आधी वापरावेत, असे संघटनेचे सांगणे आहे. शस्त्रक्रिया करणारे हातही डॉक्टरांचेच होते, ही गोष्ट मात्र तिच्या व्यासपीठांवर दबक्या आवाजातच बोलली जाते.

कायदा आणि संघटना. स्त्रियांच्या आरोग्याची बाजू घेणे आणि डॉक्टरांचे हित जपणे, या दोन भूमिकांची ओढाताण सर्वांत उघड दिसते ती इथे. 1971 च्या गर्भपात कायद्यातली 2021 ची दुरुस्ती घडताना आणि नंतर समजावून सांगताना तज्ज्ञांच्या संघटनांचा उपयोग झाला. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत, विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोघांचे, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ, हा तपशील प्रत्यक्ष काम करणाऱ्या डॉक्टरलाही नीट ठाऊक असतोच असे नाही.

गर्भलिंगनिदानाबाबत चित्र उलटे आहे. महाराष्ट्राने त्यावर 1988 मध्येच कायदा केला. केंद्राचा 1994 चा. तो कागदावरच राहतो म्हणून 2000 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत ‘मासूम’ ही पुणे जिल्ह्यात काम करणारी स्त्री संघटना होती, डॉक्टरांची संघटना नव्हती. पुणे जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 902 होत्या, 2011 मध्ये 883 झाल्या.

या कायद्याखाली प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीसाठी ‘एफ’ फॉर्म भरावा लागतो: नाव, पत्ता, मुलांची संख्या, तपासणीचे कारण, सह्या. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे जातो. रकाना रिकामा राहिला म्हणून मशीन सील होते, गुन्हेगारासारखी वागणूक मिळते, ही डॉक्टरांची जुनी तक्रार. फॉग्सी ती घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली. 3 मे 2019 रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली: नोंद अपुरी ठेवणे ही कारकुनी चूक नव्हे, गुन्हा लपवण्याची वाट तिथूनच सुरू होते, असा निकालाचा आशय होता. चुकून रकाना सोडणारा आणि मुद्दाम सोडणारा यांत फरक असतो, हे डॉक्टरांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पण तो फरक ओळखून आपल्यातल्या दुसऱ्या प्रकारच्या लोकांना संघटनेने स्वतःहून उघडे पाडल्याची उदाहरणे समोर आली असती, तर त्या युक्तिवादाला वजन आले असते.

मर्यादा. संघटनेला शिक्षा करण्याचा अधिकार नाही. ती फार तर सदस्यत्व काढून घेऊ शकते. नोंदणी रद्द करणे मेडिकल कौन्सिलच्या हातात असते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली, त्यामुळे नुकसानभरपाईसाठी रुग्ण ग्राहक आयोगाकडे जातो. सिझरच्या प्रमाणाचा प्रश्नही असाच लोंबकळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशात खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के, सरकारीत 14.3 टक्के बाळंतपणे सिझरने झाली. कोणत्या गटातल्या बाईचे सिझर झाले हे वर्गवारीने नोंदवण्याची रॉब्सन पद्धत अधिवेशनांत शिकवली जाते. ती आकडेवारी दवाखान्याच्या दारावर लावण्याची सक्ती मात्र कोणी करत नाही. दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी लागते, कारण ती कायद्याने लावावी लागते.