रिपोर्टातलं एकूण फेनिटॉइन आणि कामाचं फेनिटॉइन

खानापूरकडच्या एका काकांचा मुलगा मेडिकलमध्ये आला. हातात रिपोर्ट. "दादा, फिटच्या गोळीचं प्रमाण कमी आलंय ओ. एक गोळी वाढवून देऊ काय?" त्या गोळीतलं औषध, फेनिटॉइन, मिलिलिटरला ७ मायक्रोग्रॅम, हवं १० ते २०. पण त्याच कागदावर खाली अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) डेसिलिटरला अवघं २ ग्रॅम होतं, आणि तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून फिरतो. उरलेला मोकळा १० टक्केच मेंदूपर्यंत पोचून फिट आवरतो. खानापूरहून बेळगावच्या सीबीटी बसस्थानकाला बस आली तरी खडेबाजारात खरेदी करणार ते उतरलेलेच, तसं हे. लॅब मात्र बहुतेक वेळा बसलेले आणि उतरलेले मिळून आकडा देते.

अल्ब्युमिन घटलं की जागाच कमी होतात आणि आधी मोकळा भाग वाढतो. यकृत फेनिटॉइन संथपणे काढतं, तेही मोकळ्यातूनच. मोकळं जास्त मिळालं की ते जास्त काढतं. काही दिवसांत एकूण आकडा खाली येतो, मोकळा जवळपास पहिल्या जागी परततो. म्हणजे औषध कमी पडलेलं नसतं. ढोबळ हिशोब असा: अल्ब्युमिनला ०.२ ने गुणा, ०.१ मिळवा, त्याने रिपोर्टच्या आकड्याला भागा. काकांचे ७ भागिले ०.५, म्हणजे १४. (मूत्रपिंड बिघडलेल्यांना हा हिशोब जसाच्या तसा लागू नाही. मोकळ्या फेनिटॉइनची तपासणी होत असेल तर तीच करावी.)

अशा वेळी गोळी वाढवणं मला फार धोक्याचं वाटतं. फेनिटॉइन मोडणारी यकृताची यंत्रणा नेहमीच्या डोसलाच भरत आलेली असते. थोडा डोस वाढला तरी पातळी एकदम उसळते, डोळे भिरभिरतात, चालताना तोल जातो.

पण यावरून 'चिकटलेलं औषध यकृताच्या हाती लागतच नाही' असं सगळ्याच औषधांबद्दल धरू नका. हृदयाचे ठोके बिघडल्यावर शिरेतून देतात ते लिग्नोकेन बघा. तेही बरंच प्रथिनांना चिकटतं, पण यकृत मोकळं इतक्या झपाट्याने उचलतं, की मागोमाग चिकटलेलं सुटत जातं आणि तेही उचललं जातं. एका फेरीत दोन तृतीयांशाच्या आसपास औषध साफ. इथं अडतं ते रक्त किती येतं यावर. निरोगी माणसात यकृताकडे मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त येतं. हृदय थकलं की ते घटतं, लिग्नोकेन साचतं, म्हणून ठिबकच कमी करावी लागते.

काकांच्या मुलाला मी अल्ब्युमिनच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल करून दिला. म्हटलं, "आधी हे डॉक्टरांना दाखव रे बाळा. ते सांगेपर्यंत गोळी वाढवू नको, बंदही करू नको."