पुढच्या स्ट्रटचा आवाज

खड्ड्यातून जाताना किंवा स्टिअरिंग वळवताना मोटारगाडीच्या पुढच्या चाकांकडून येणारा खडखडाट, टकटक वा करकर. साताऱ्याच्या गॅरेजांत ‘शॉकअप वाजतोय’ ही एकच तक्रार या सगळ्यासाठी पुरते. वाजणारी वस्तू मात्र पुष्कळदा शॉकअप नसतेच, म्हणून आवाजाची जागा सापडण्याआधी नवा स्ट्रट विकत घेऊ नये.

स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि तेलाचा शॉकअप एकाच खांबात बसवलेली रचना. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती होती आणि १९८३ पासून मारुती ८०० मुळे ती भारतात घरोघरी पोहोचली. या खांबाचे वरचे टोक रबरी माउंटिंगमधून बॉडीला टेकते. चाक वळले की खांबही वळतो, त्यासाठी माउंटिंगखाली बेअरिंग असते.

निदानाची सुरुवात कानाने करावी. समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट चढून कासकडे जाताना पावसाळ्यात उखडलेला रस्ता लागला, की एकेक चाक वेगवेगळे खालीवर होते. अशा वेळी हळू वेगात सतत टकटक आली, तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यावा. हा रॉड दोन्ही चाकांना जोडणाऱ्या अँटीरोल बारला स्ट्रटशी बांधतो. गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढली तर बारला पीळ पडत नाही आणि आवाज बराचसा थांबतो. तोच गतिरोधक तिरका ओलांडला की पुन्हा वाजतो. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडून गाडी थोडे अंतर सावकाश चालवावी. आवाज गेला, तर दुरुस्ती स्वस्तात आटोपते.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर ‘टण्ण’ असा आवाज येऊन झटका बसला, तर वरचे बेअरिंग जाम झालेले असते. स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते. एकाने स्टिअरिंग फिरवावे, दुसऱ्याने स्प्रिंगला बेताने हात लावावा. हा झटका बोटांना सरळ कळतो. ब्रेक हलका दाबताच खडखड थांबली तर ब्रेकचे पॅड सैल आहेत. पूर्ण वळवलेल्या चाकाने वेग घेताना कटकट आली तर दोष ॲक्सलच्या जॉइंटचा. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे, रबरी बुश आणि बॉल जॉइंट पहार लावून हलवून पाहावेत.

खुद्द शॉकअप गेला असेल तर त्याच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसतो. नुसता ओलसरपणा काळजीचा नाही. बोनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत राहिली, तर शॉकअप निकामी. कासच्या जांभ्या दगडाचा तांबडा चिखल स्प्रिंगच्या खालच्या वाटीत साचतो आणि तिथली तुटलेली कडी लपते, म्हणून तपासणीआधी चाके धुऊन घ्यावीत.

स्ट्रट गाडीवरून उतरवल्यावरही स्प्रिंग दाबलेलीच असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्याराने, ती आवळल्याशिवाय माउंटिंगचा मधला नट कधीही सोडू नये. वरची वाटी सुटून माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि घाईत नेमकी हीच पायरी टाळली जाते. शॉकअपचा दांडा पकडीने धरू नये. चकचकीत पृष्ठभागावर ओरखडा पडला की सील फाटते आणि नवा शॉकअपही गळू लागतो. दोन्ही बाजूंचे शॉकअप एकदम बदलावेत.

काम झाल्यावरही आवाज राहिला, तर स्प्रिंगचे टोक वाटीतल्या खाचेला नीट टेकले आहे का आणि मधला नट पुरेसा आवळला आहे का, हे आधी पाहावे. लोअर आर्मच्या बुशांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.