नायक निवड करतो, ती अनेकदा पडद्यावर पोहोचत नाही

एका नायकाभोवती अनेक नायिका असलेल्या ‘हॅरेम’ प्रकारच्या जपानी ॲनिमेत, म्हणजे ॲनिमेशन मालिकांत, नायक शेवटपर्यंत कोणाचीच निवड करत नाही, हा समज जुना असला, तरी अनेक गाजलेल्या मूळ चित्रकथांना, म्हणजे मांगांना, तो लागू पडत नाही. ‘लव्ह हिना’ची ॲनिमे मालिका २००० मध्ये आली तेव्हा मांगा अपूर्णच होती, ती २००१ मध्ये संपली आणि त्यात नायक केतारो व नायिका नारू यांचे लग्न झाले. ‘निसेकोई’च्या मालिका २०१४ आणि २०१५ मधल्या, मांगाचा निकाल मात्र २०१६ मधला. ‘गोतोबुन नो हानायोमे’ तर लग्नाच्या प्रसंगानेच सुरू होते (वधू कोण, हे येथे सांगणे अन्यायाचे ठरेल). चुकून अंगावर पडणे, नको त्या वेळी न्हाणीघरात शिरणे, हे ठोकळेबाज प्रसंग मात्र खरोखरच शिळे झाले आहेत.