आधी उतरवा, मग पुसा: नेटवर्क स्टोरेज अनमाउंट करण्यामागची गोष्ट

सांगलीत हळदीचे सौदे जोरात होते, तेव्हाच एका अडत दुकानाच्या हिशेबाचा क्लाउड सर्व्हर माझ्या हातून लटकला. भाडं वाचवायला जुनं नेटवर्क स्टोरेज क्लाउड कंपनीच्या कन्सोलवरून (वेबवरच्या नियंत्रण पानावरून) डिलीट केलं. सर्व्हरवरून ते अनमाउंट करायचं, म्हणजे त्याची जोडणी आधी सोडवायचं, राहून गेलं. मग डिस्कवरची जागा दाखवणारी साधी 'डीएफ' कमांडही परत येईना. प्रोसेस जबरदस्तीने बंद करणाऱ्या 'किल -९'लाही अडकलेल्या प्रोसेस दाद देईनात.

'माउंट' हा शब्द मुळात अंगमेहनतीचा. ऑपरेटर टेपचं रीळ किंवा डिस्कचा पॅक उचलून यंत्रावर चढवायचा. १९७१ च्या युनिक्सच्या पहिल्या मॅन्युअलात 'माउंट' आणि 'यूमाउंट' दोन्ही आहेत. ('अनमाउंट'मधला 'एन' तेव्हापासून गायब, नवखे अजून तिथे ठेचकाळतात.) मेमरीत राहिलेलं लेखन डिस्कवर गेलं की पॅक उतरवायचा, इतकं सरळ होतं.

१९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रातल्या फायली वापरायची पद्धत) आणलं आणि डिस्क दुसऱ्या यंत्रात गेली. कोणी कुठली फाइल उघडलीय याची नोंद सर्व्हरने ठेवायचीच नाही, असं मुद्दाम ठरवलं. सर्व्हर बंद पडून पुन्हा उठला की क्लायंटने, म्हणजे फायली वापरणाऱ्या यंत्राने, तीच मागणी परत करायची. म्हणून 'हार्ड' माउंटवरची प्रोसेस उत्तर येईपर्यंत थांबून राहते. 'सॉफ्ट' माउंट काही वेळाने एरर देऊन सोडून देतं, पण त्यात लेखन अर्धवट राहू शकतं. हिशेबाच्या फायलींना मी तरी ते लावणार नाही.

एनएफएसच्या २००० सालच्या चौथ्या आवृत्तीपासून सर्व्हर उघड्या फायलींची नोंद ठेवू लागला. थांबून राहायची सवय मात्र तशीच राहिली. २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं अ‍ॅमेझॉनचं ईएफएस हे क्लाउडमधलं नेटवर्क स्टोरेजही हीच चौथी आवृत्ती बोलतं. सर्व्हर कधीतरी परत येईल, हे या सगळ्यामागचं गृहीत. डिलीट केलेलं स्टोरेज कुठून परत येणार?

सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवाचं (जमिनीखालच्या कोठाराचं) तोंड लावण्याआधी आत कोणी उरलंय का, ते बघावं लागायचं. अनमाउंट करताना येणारा 'टार्गेट इज बिझी' हा एरर म्हणजे तशीच आतून आलेली हाक. आत कोण आहे ते 'फ्यूझर' किंवा 'एलसॉफ' कमांड सांगते. पुष्कळदा त्याच फोल्डरात 'सीडी' करून (शिरून) बसलेली आपलीच शेल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, निघते. 'यूमाउंट -एल' २००१ च्या सुमारास लिनक्समध्ये आलं. ते स्टोरेजपर्यंतची वाट लगेच मोडतं, पण आतल्यांना बाहेर काढत नाही. अनेकजण त्यालाच अनमाउंट समजतात.

त्या रात्री रीबूटही अडकला. कन्सोलवरून सर्व्हर जबरदस्तीने बंद केला, चालू केला, तर पुन्हा लटकला: सुरू होताना काय माउंट करायचं याची यादी असलेल्या 'एफएसटॅब' फायलीत जुनी ओळ तशीच होती.