स्टिरिओ आणि मल्टिचॅनल ध्वनी

घरी ध्वनिमुद्रित संगीत ऐकण्याच्या दोन पद्धती. स्टिरिओमध्ये ध्वनीचे दोन स्वतंत्र चॅनल श्रोत्यापुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरांतून वाजतात. मल्टिचॅनल पद्धतीत चॅनल त्याहून जास्त असतात आणि काही स्पीकर श्रोत्याच्या बाजूला, मागे किंवा छताकडेही असतात. चित्रपटांमुळे मल्टिचॅनल घरात आले. संगीतासाठी मात्र आजही मुख्यतः स्टिरिओच वापरतात.

कान दोन म्हणून चॅनलही दोन पुरेत, असा सर्रास समज आहे. इतिहास वेगळे सांगतो. ब्रिटनमध्ये ईएमआय कंपनीतील अभियंता ॲलन ब्लमलाइन याने डिसेंबर १९३१ मध्ये दोन चॅनलच्या ध्वनिमुद्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९३३ मध्ये फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन चॅनलवर: डावा, मधला, उजवा. १९५०च्या दशकात आरसीए आणि मर्क्युरी या ध्वनिमुद्रण कंपन्यांनीही अनेक ध्वनिमुद्रणे तीन ट्रॅकच्या टेपवर केली. पण १९५८ मध्ये बाजारात आलेल्या स्टिरिओ एलपी तबकडीच्या खोबणीला भिंती दोनच. ४५ अंशांत कललेल्या प्रत्येक भिंतीवर एक चॅनल कोरलेला असे, त्यामुळे तिसरा चॅनल उरलेल्या दोघांत मिसळावा लागला. या टेप तीन चॅनलमध्ये घरी ऐकायला मिळाल्या त्या पुढे एसएसीडी या सीडीसारख्याच पण वरच्या दर्जाच्या तबकडीवर.

मधला स्पीकर नसताना गायक मधोमध कसा ऐकू येतो? दोन्ही स्पीकरांतून तोच आवाज सारख्या पातळीवर आला की मेंदू तो मध्यभागी ठेवतो. या आभासी प्रतिमेला दोन मर्यादा आहेत. श्रोता हातभर डावीकडे सरकला की डाव्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि गायकही त्याच्यासोबत डावीकडे जातो. दुसरी मर्यादा सहज लक्षात येत नाही: प्रत्येक कानाला दुसऱ्या बाजूच्या स्पीकरचा आवाज सुमारे पाव मिलिसेकंद उशिरा मिळतो आणि त्यामुळे २,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग काहीसा दबतो. शब्दांचा स्पष्टपणा बराचसा याच पट्ट्यात असतो. मधला खरा स्पीकर या दोन्ही अडचणी दूर करतो. मल्टिचॅनलची चर्चा नेहमी मागच्या स्पीकरांभोवती फिरते. पण एकाहून अधिक माणसे सोबत बसून ऐकत असतील तर मधल्या स्पीकरचा उपयोग मागच्या स्पीकरांइतकाच मोठा आहे.

मागच्या स्पीकरांचे खरे काम सभागृह ऐकवण्याचे. मैफलीत वाद्याचा थेट सूर समोरून येतो, त्यानंतर भिंती-छतावरून परतलेला नाद चहूबाजूंनी येतो. स्टिरिओत हा परतीचा नादही समोरूनच येतो. सिंफनी किंवा चर्चमधील समूहगान यांसाठी हा फरक फार मोठा आहे. स्टुडिओत थर रचून तयार केलेल्या गाण्याला मुळात असे सभागृहच नसते. तिथे मागून गिटार वाजवायची की नाही हा मिश्रण करणाऱ्याच्या कल्पकतेचा प्रश्न. ती नसेल तर चांगले स्टिरिओ मिश्रणच सरस ठरते.

घरगुती मल्टिचॅनलचा पहिला मोठा प्रयत्न म्हणजे १९७०च्या दशकातील क्वाड्राफोनिक, म्हणजे चार कोपऱ्यांत चार स्पीकर. सीबीएसची एसक्यू, सॅन्सुईची क्यूएस आणि जेव्हीसीची सीडी-४ या पद्धती एकमेकींशी जुळत नव्हत्या. पहिल्या दोन पद्धतींत चार चॅनल दोनात मिसळून पुन्हा वेगळे केले जात, त्यामुळे ते एकमेकांत झिरपत. सीडी-४ मध्ये चार चॅनल वेगळे ठेवण्यासाठी ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरलेली असे. ती वाचायला खास शिबाटा सुई लागे. दशक संपण्यापूर्वीच हा प्रयोग बारगळला.

पुढे १९९९ मध्ये एसएसीडी आणि २००० मध्ये डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्हींत ५.१ ची सोय होती: पाच पूर्ण चॅनल आणि खर्जासाठी एक मर्यादित चॅनल. २०२१ पासून ॲपल म्युझिकवर डॉल्बी ॲटमॉस ही छताकडचे स्पीकरही वापरणारी मल्टिचॅनल पद्धत आहे. तिथे स्टिरिओ लॉसलेस, म्हणजे माहिती न गमावता, मिळते, ॲटमॉस मात्र माहितीत काटछाट करून येते. तुलना करताना हा फरक विसरू नये. ब्लू-रेवर ॲटमॉसही लॉसलेस असू शकते.

मांडणीसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस अशी: मधला स्पीकर श्रोत्याच्या थेट समोर ० अंशांवर, डावा-उजवा प्रत्येकी ३० अंशांवर, बाजूचे १०० ते १२० अंशांवर, सर्व श्रोत्यापासून सारख्या अंतरावर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणून एखादा स्पीकर मीटरभर जवळ असेल तर रिसीव्हरमध्ये (स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात) त्याला जवळपास ३ मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो. लहान दिवाणखान्यात, सोफा भिंतीला टेकलेला असताना, हे साधत नाही. तिथे त्याच पैशांत दोन उत्तम स्पीकर घेणे शहाणपणाचे.

हिंदुस्तानी संगीताच्या श्रोत्यांकडे मोनो, म्हणजे एकाच चॅनलच्या, ध्वनिमुद्रणांचा मोठा ठेवा आहे. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जवळपास सगळ्या तबकड्या मोनोच. दोन चॅनलमधून अधिक चॅनल काढणारी डॉल्बी प्रो लॉजिकसारखी यंत्रणा असे मुद्रण एकट्या मधल्या स्पीकरकडे पाठवते आणि गायक एका ठाम जागी बसतो. मात्र त्यासाठी तो स्पीकर टीव्हीखाली कसाबसा बसवलेला आडवा डबा नको, डाव्या-उजव्याच्या तोडीचा हवा.