माउस हलतो, बाकी सगळं ठप्प

माउसचा बाण पडद्यावर मोकळा फिरतो, पण क्लिक केलं की काहीच होत नाही. अर्ध्या-एक मिनिटाने सगळं आपोआप सुरू होतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. हार्ड डिस्कवर चालणारा जुना संगणक असं करू लागला, तर व्हायरसआधी डिस्कवर संशय घ्यावा. विंडोजमध्ये काय किती राबतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर आणि वाचन-लेखनाचा वेग मात्र जवळपास शून्य असेल, तर डिस्क राबतेय पण तिच्या हाती काही लागत नाहीये.

डिस्कवरची माहिती सेक्टर नावाच्या तुकड्यांत असते. हल्लीच्या बहुतेक डिस्कवर एक सेक्टर ४,०९६ बाइटचा असतो आणि त्याच्यासोबत चुका सुधारण्यासाठी जादा माहितीही लिहिलेली असते. थोडे बिट चुकले तर डिस्क परस्पर दुरुस्ती करून टाकते, आपल्याला पत्ताही लागत नाही. चूक त्यापलीकडे गेली की तोच सेक्टर पुन्हा वाचायचा. पुसट अक्षर आपण कागद तिरपा करून लावतो, तसं डिस्क तिचं हेड, म्हणजे माहिती वाचणारं टोक, किंचित इकडेतिकडे सरकवून बघते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक प्रयत्नासाठी तो सेक्टर फिरून हेडखाली यावा लागतो. शेकडो प्रयत्नांत काही सेकंद सहज जातात. घरगुती डिस्क तर एका सेक्टरसाठी मिनिटभरही झगडू शकते, कारण ती माहिती दुसरीकडे कुठेही नसेल असं धरूनच ती बनवलेली असते. सर्व्हरमधल्या रेड जोडणीसाठीच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवण्यासाठीच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकतात. तिथे तीच माहिती बाकीच्या डिस्कवरून मिळवता येते.

तोवर ऑपरेटिंग सिस्टिम ताटकळते. लिनक्स सहसा ३० सेकंद वाट बघून डिस्कला सावरायचा प्रयत्न करते. माउसला लागणारं सगळं रॅममध्येच असल्याने बाण फिरत राहतो. पण रॅममध्ये न मावणारी माहिती जिथे ठेवतात ती पेज फाइल त्याच डिस्कवर असते, म्हणून खराब सेक्टरमधल्या माहितीशी काही संबंध नसलेले प्रोग्रामही रांगेत अडकतात.

अशा वेळी 'फॉरमॅट मारून विंडोज नवीन टाकू' हा सल्ला हमखास मिळतो, आणि काही दिवस तो लागूही पडतो! फाइल नव्या जागी लिहिल्या जातात, खराब जागा तूर्त वाटेत येत नाही. मधल्या काळात डिस्क आणखी बिघडत असते, ते कोणी बघत नाही.

बघायचं कुठे? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, 'डिस्क' या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी शोधा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे पुन्हा करावा लागलेला प्रयत्न. मग स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या नोंदी, दाखवणारं एखादं मोफत साधन चालवा. त्यातला ५ क्रमांक बदली केलेले, म्हणजे खराब ठरवून त्यांच्याऐवजी राखीव जागा वापरलेले सेक्टर मोजतो, १९७ हा वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे. फक्त १९९ वाढत असेल तर बहुधा डिस्क जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब आहे. आधी ती बदलून बघा, स्वस्तात सुटाल.

गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक दिसल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. मात्र निकामी झालेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कवर स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही नव्हती. त्यामुळे अहवाल वाईट आला तर विश्वास ठेवा, चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका.

विंडोजचं डिस्क तपासणारं साधन, चेकडिस्क, लगेच चालवू नये. त्याची खोल तपासणी अख्खी डिस्क खरवडून काढते आणि आजारी डिस्क त्यातच मान टाकू शकते. आधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवा. कॉपी वारंवार अडकत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे माहिती वाचवणारं साधन वापरा. ते चांगला भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र वीज बंद करून ती जाणकाराकडे न्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय करू नका, आत दव धरतं.

चिपवर माहिती ठेवणाऱ्या एसएसडीत तबकडी नाही, आवाजही नाही. ती बऱ्याचदा काहीही न सांगता बंद पडते.

सगळं उतरवून झाल्यावर डिस्क भंगारात देणार असाल, तर नुसती पुसू नका. बदली झालेल्या सेक्टरांपर्यंत नेहमीचं लेखन पोचत नाही आणि त्यांत जुन्या फाइलचे तुकडे राहू शकतात. तबकड्यांना ड्रिलने भोकं पाडून मगच द्या.