पार्श्वभूमी : गुटखाबंदी, सुपारी आणि तोंडाचा कर्करोग

महाराष्ट्रातली गुटखाबंदी कायमची नाही. ती एका वर्षासाठी असते आणि मुदत संपत आली की नवा आदेश काढावा लागतो. जुलै 2012 पासून हेच चालू आहे. यामागे गुटख्याला कायद्याने काय मानायचे, अन्न की तंबाखू, हा जुना वाद आहे. कर्करोग टाळण्यासाठी काय खावे याची चर्चा आपल्याकडे हळद, लसूण आणि ग्रीन टीभोवतीच फिरत राहते. तोंडाच्या कर्करोगाचे सर्वात मोठे टाळता येणारे कारण मात्र पानटपरीवर लटकत होते.

वैद्यकीय बाजू फार काळ अंधारात नव्हती. त्रावणकोरमधल्या पान खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कर्करोगावरचा लेख 1933 मध्येच छापून आला होता. 1952 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय स्त्रियांमध्ये गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होण्याचा विकार नोंदवला गेला. त्याचा संबंध सुपारीशी आहे हे पुढे स्पष्ट झाले. महाराष्ट्रातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडे तपासून केलेला अभ्यास 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. सवय सुटली तर फरक पडतो का, याचेही उत्तर मिळाले. तंबाखू वापरणाऱ्या सुमारे 36,000 ग्रामीण लोकांना समजावून, पाठपुरावा करून पाहिलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 1986 मध्ये आले. केरळच्या एर्नाकुलम भागात सोडणारे वाढले आणि तोंडात नव्याने पांढरे चट्टे (कर्करोगाची पूर्वखूण) येण्याचे प्रमाण घटले. प्रतिबंध शक्य आहे, हे तेव्हाच कळले होते.

पण त्याच सुमारास पुडी आली. पान लावायला पानवाला लागतो, वेळ लागतो. पुडी शाळेच्या दप्तरातही मावते. सत्तरच्या दशकात डब्यातून विकला जाणारा पानमसाला पुढच्या दशकात छोट्या पुड्यांत मिळू लागला, त्यात तंबाखू मिसळला की गुटखा. कॉलेजच्या वयातली मुले तोंड न उघडण्याची तक्रार घेऊन येऊ लागली.

महाराष्ट्राने पहिली बंदी 23 जुलै 2002 च्या अधिसूचनेने घातली. ती 1 ऑगस्टपासून पाच वर्षांसाठी, भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली होती. उत्पादक न्यायालयात गेले आणि 2 ऑगस्ट 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. हा निकाल नीट वाचायला हवा, कारण तो गुटख्याच्या बाजूने होता असे अजूनही सांगितले जाते. न्यायालयाने गुटखा निर्दोष ठरवला नाही. उलट पानमसाला, गुटखा, सुपारी हे खाल्ले जातात म्हणून ते त्या कायद्यानुसार अन्नच आहेत, असे म्हटले. बिनसले ते अधिकारावर. राज्याच्या अन्न अधिकाऱ्याला स्थानिक, तात्पुरत्या संकटासाठी बंदी घालता येते. एखादा पदार्थ मुळातच घातक म्हणून वर्षानुवर्षे बंद करणे हा धोरणाचा प्रश्न आहे आणि तो केंद्राचा, असा त्याचा रोख होता. शिवाय 2003 चा तंबाखू नियंत्रणाचा केंद्रीय कायदा गुटख्याला नाव घेऊन तंबाखूजन्य पदार्थांत मोजत होता, आणि तो कायदा विक्रीचे नियमन करत होता, सरसकट बंदी नाही. म्हणजे अन्न म्हणून पाहावे तर राज्याचा हात तोकडा, तंबाखू म्हणून पाहावे तर बंदीची तरतूदच नाही. मधल्या काळात गुटखा उघड विकला गेला. त्या वर्षांची किंमत आज कर्करोग रुग्णालयांच्या रांगांत दिसते, असे मला ठामपणे वाटते.

गोव्याने दुसरी वाट धरली. तिथे 2005 मध्ये सार्वजनिक आरोग्य कायद्यातच दुरुस्ती करून गुटखा बंद केला गेला. महाराष्ट्राला नव्या अन्नसुरक्षा कायद्याची वाट पाहावी लागली. त्याखालील 2011 च्या नियमाने कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरण्यास मनाई केली. 2004 च्या निकालात गुटखा अन्न ठरला होताच; आता तेच उपयोगी पडले. एप्रिल 2012 मध्ये मध्य प्रदेशाने सुरुवात केली, जुलैत महाराष्ट्राने. इथे तंबाखू नसलेला पानमसालाही बंदीत घेतला गेला, कारण नमुन्यांत पानमसाल्यात वापरायला मनाई असलेले मॅग्नेशियम कार्बोनेट आढळले होते. सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. वर्षाची मर्यादा मात्र याच कायद्यातली आहे: राज्याच्या अन्नसुरक्षा आयुक्ताला मनाई करता येते ती जास्तीत जास्त एक वर्षासाठी.

बंदीनंतर अनेक राज्यांत पानमसाल्याची एक आणि तंबाखूची दुसरी अशा जोडपुड्या आल्या; गिऱ्हाईक दोन्ही हातावर एकत्र करते. विदर्भात टपरीवर पन्नीत घोटलेला खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण) तर कारखान्यातून येतच नाही, त्यामुळे उत्पादकावर धाड घालून तो थांबत नाही. तरी राज्यातल्या प्रौढांमधला तंबाखूचा एकूण वापर 2009-10 मधील 31.4 टक्क्यांवरून 2016-17 मध्ये 26.6 टक्क्यांवर आला. हे श्रेय एकट्या बंदीचे नाही.

या सगळ्यात सुपारी मागे राहिली. 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने तंबाखूसह पानाला कर्करोगकारक ठरवले, तंबाखूविना पानाबाबत पुरावा अपुरा मानला. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरआढाव्यात नुसती सुपारीही माणसासाठी कर्करोगकारक ठरली, तीही सर्वात वरच्या गटात. पूजेत, विड्यात, श्रीवर्धनच्या बागांत तिचे स्थान आहे म्हणून हा निष्कर्ष घराघरांत पोचवायला कोणी फारसे धजावले नाही. राज्याच्या आदेशांत सुगंधी सुपारी आली. साधी सुपारी आजही जेवणानंतर ‘तंबाखू नाही ना’ म्हणत मुलांच्या हातावर ठेवली जाते.